पुण्याहून एमिरेट्सचं विमान का उडत नाही?

पुण्याहून दुबईला जाणारे थोडेथोडके नाहीत. कुणी नोकरीला, कुणी मुलीकडे, कुणी तिथून पुढे अमेरिकेला. एमिरेट्सलाही, म्हणजे दुबईच्या विमान कंपनीलाही, पुणं हवं आहे. 2022 साली दुबईने भारत सरकारकडे नव्या शहरांची यादी पाठवली, तीत पुणं होतं, गोवाही होता. बसणारा तयार, नेणारा तयार, तरी एमिरेट्सचं विमान लोहगावला उतरत नाही आणि पुणेकर टॅक्सी करून, घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठतात.

लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, मोकळ्या वेळा कमी आहेत, हे खरंच. पण गाडी त्या अडचणीपर्यंत पोचतच नाही, अलीकडेच अडते. भारत आणि दुबई यांच्यात विमानसेवेचा करार आहे. दुबईच्या कंपन्यांनी भारतातल्या कोणत्या शहरांत उतरायचं, त्यांची नावं त्या करारात ठरलेली आहेत. त्या नावांत पुणं नाही. विषय संपला.

आता मुंबईहून उडणारं एमिरेट्सचं विमान बघा. वैमानिक कुठल्याही देशाचा असो, मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी तो ठरलेल्या इंग्रजी वाक्यांत बोलतो. धावपट्टीवरच्या खुणा त्याला दुबईत दिसतात तशाच इथे दिसतात. अक्षरं सांगताना दोघंही ‘अल्फा, ब्रावो, चार्ली’ म्हणतात. वैमानिकाचा परवाना दुबईचा, पण तो भारताला चालतो. यातलं काहीही भारत आणि दुबईने बसून ठरवलेलं नाही. ते 193 देशांनी मिळून ठरवलं आहे, आणि मुंबईला चालतं ते काठमांडूला आणि लिमालाही चालतं.

म्हणजे एकाच विमानात दोन जातींचे करार बसलेले असतात. विमान सुरक्षित कसं उडवायचं, हे सगळ्यांनी मिळून केलेल्या करारातून येतं. तो बहुपक्षीय. त्या विमानाने कुठे जायचं आणि किती माणसं न्यायची, हे दोघांनी केलेल्या करारातून येतं. तो द्विपक्षीय. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या बातम्यांत हे दोन शब्द सारखे भेटतात. बहुतेक वेळा चर्चा अशी होते, जणू यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. कोणती गोष्ट कोणत्या टेबलावर न्यायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तो समजून घ्यायला विमानांइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण इथे ही विभागणी नेमकी कधी आणि का झाली, ते आपल्याला माहीत आहे.

1 नोव्हेंबर 1944. महायुद्ध अजून चालू होतं, पण ते कुणीकडे झुकलंय हे दिसू लागलं होतं. अमेरिकेच्या निमंत्रणावरून पन्नासहून अधिक देशांचे प्रतिनिधी शिकागोत जमले. युद्धानंतर आकाशाचं काय करायचं, एवढाच विषय होता. स्वातंत्र्य मिळायचं होतं, तरी भारताचं शिष्टमंडळ तिथे स्वतंत्रपणे हजर होतं.

अमेरिकेकडे विमानं होती. युद्धात लढाऊ विमानं अमेरिका आणि ब्रिटन दोघांनी बांधली, पण माल आणि माणसं वाहणारी मोठी विमानं प्रामुख्याने अमेरिकेने. शांतता झाल्यावर हीच विमानं प्रवासी नेणार, हे उघड होतं. म्हणून अमेरिका म्हणत होती, आकाश मोकळं करा, ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ द्या. ब्रिटनकडे विमानं कमी होती, पण विमान उतरवायच्या जागा जगभर होत्या. त्या काळी एका दमात महासागर ओलांडणं अवघड होतं, मध्ये कुठेतरी उतरून इंधन भरावं लागे, आणि ती ‘कुठेतरी’ची जागा बऱ्याचदा ब्रिटिश साम्राज्यात असे. ब्रिटनचं म्हणणं होतं, कुणी किती फेऱ्या करायच्या हे ठरवायला एक आंतरराष्ट्रीय मंडळ असावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर म्हणाले, मोठ्या मार्गांवरची विमानसेवा कुणा एका देशाची नकोच, सगळ्यांच्या मालकीची एकच असू द्या.

सव्वा महिना घासाघीस झाली. वाद सोडवता यावा म्हणून त्यांनी हक्कांचे तुकडे पाडले, आणि आजही विमान कंपन्या तीच भाषा बोलतात. पहिला हक्क: न उतरता तुमच्या देशावरून उडून जाणं. दुसरा: प्रवासी चढवायचे-उतरवायचे नाहीत, फक्त इंधनासाठी किंवा दुरुस्तीसाठी उतरणं. तिसरा: माझ्या देशातले प्रवासी तुमच्याकडे आणून सोडणं. चौथा: तुमच्याकडचे प्रवासी माझ्या देशात नेणं. पाचवा: माझ्या विमानाने तुमच्याकडे येऊन, तिथून प्रवासी घेऊन तिसऱ्याच देशात जाणं.

7 डिसेंबर 1944 ला 52 देशांनी करारावर सह्या केल्या. सुरक्षा, परवाने, खुणा, हवामानाची माहिती, अपघाताची चौकशी, या सगळ्यावर एकमत झालं. ते बघायला एक संघटना काढायची ठरली. तीच आयकाओ, मुख्यालय कॅनडातल्या माँट्रियलला. पहिल्या दोन हक्कांचा वेगळा करार झाला, त्यात आज 130 हून जास्त देश आहेत. पाचही हक्क एकदम देणारा आणखी एक करार झाला, पण तो कुणाला पचला नाही. खुद्द अमेरिका दोन वर्षांत त्यातून बाहेर पडली आणि आज त्यात जेमतेम डझनभर देश उरलेत.

हे असंच का व्हावं? कारण सुरक्षेच्या बाबतीत माझा फायदा तुमच्या तोट्यातून येत नाही. खुणा सारख्या असल्या तर सगळ्यांचीच विमानं वाचतात. कुणी आपलं वेगळं घोडं दामटलं तर तोही मरतो आणि समोरचाही. पण प्रवासी हा वाटून घ्यायचा माल आहे. मुंबई-लंडन मार्गावर तुमच्या विमानात बसलेला माणूस माझ्या विमानात नसतो. वाटणीचा प्रश्न पन्नास जणांच्या पंगतीत सुटत नाही, तो दोघांनी कोपऱ्यात बसूनच सुटतो.

आणि तो कोपऱ्यातच सुटला. फेब्रुवारी 1946 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन बर्म्युडा बेटावर भेटले आणि त्यांनी आपापसात करार केला. कोणते मार्ग, कोणती शहरं, भाडी कशी ठरणार, फेऱ्या जास्त झाल्यासारख्या वाटल्या तर काय. तो नमुना इतका सोयीचा ठरला की जगाने तोच उचलला. तेव्हापासून प्रत्येक देश दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा हवाई करार करतो. आता 193 देशांनी एकमेकांशी एकेक करार करायचा म्हटलं तर कागद किती होतील? 18,528. प्रत्यक्षात इतके नाहीत, भारताचे शंभराहून थोडे जास्त देशांशी आहेत, पण या पद्धतीचा पसारा कळावा म्हणून आकडा सांगितला.

8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. आपल्याकडे ही आठवण अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण त्या एका उड्डाणामागे परवानग्या किती होत्या, त्याकडे लक्ष जात नाही. ज्या देशांवरून उडायचं त्यांची, ज्या देशांत उतरायचं त्यांची. एक जरी ‘नाही’ म्हणाला असता तर मार्ग बदलावा लागला असता. विमान विकत घेता येतं, मार्ग मागून घ्यावा लागतो.

आता दुबईकडे परत येऊ. भारत-दुबई करारात शहरांची नावं आहेत, तसा जागांचा कोटाही आहे. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना प्रत्येकी आठवड्याला सुमारे 66 हजार जागा. विमानं किती, याची मोजणी नाही, त्यातल्या खुर्च्यांची आहे. 2014 मध्ये हा आकडा वाढवला, त्यानंतर कित्येक वर्षं तो हलला नाही. 2022 च्या पत्रात दुबईने शहरांबरोबर आणखी 50 हजार जागाही मागितल्या. भारताने नकार दिला.

नकाराचं कारण समजून घेण्यासारखं आहे, आणि ते पोकळ नाही. एमिरेट्सच्या विमानात मुंबईहून बसणारे सगळे दुबईला जात नाहीत. पुष्कळ जण तिथे विमान बदलून लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोला जातात. कागदावर मात्र एमिरेट्सने फक्त तिसरा आणि चौथा हक्क वापरलेला असतो: मुंबई ते दुबई, दुबई ते न्यूयॉर्क. दोन तुकडे जोडले की मुंबई-न्यूयॉर्क तयार. या जोडकामाला सहावा हक्क म्हणतात. भारताचं म्हणणं असं की आमच्या प्रवाशांवर दुबई, अबू धाबी, दोहाची विमानतळं मोठी झाली, आता दिल्ली-मुंबईला तसं होऊ द्या. एअर इंडिया आणि इंडिगो या दोघांनी 2023 मध्ये शेकड्यांनी विमानांची मागणी नोंदवली आहे. त्यांची लांब पल्ल्याची विमानं येईपर्यंत दार किलकिलंच ठेवायचं, असं हे धोरण आहे.

मला या युक्तिवादाची एक बाजू पटते, पण दुसरी बाजू कुणी मांडत नाही याचं वाईट वाटतं. रत्नागिरी, रायगडातली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर चालतात. ईदला किंवा गणपतीला घरी यायचं असतं, जागा ठरावीक, मग तिकीट कडाडतं. ज्याच्या खिशातून हे पैसे जातात तो माणूस वाटाघाटीच्या टेबलावर नसतो. तिथे दोन सरकारं असतात आणि त्यांच्या मागे आपापल्या विमान कंपन्या. द्विपक्षीय करारात जो टेबलावर नाही त्याचा विचार होईलच, अशी काही सोय नसते. बहुपक्षीय करारातही आपोआप होत नाही, पण तिथे माणसं जास्त असतात, आणि कुणीतरी त्याची बाजू घेण्याची शक्यताही.

द्विपक्षीय टेबलाची आणखी एक खोड आहे. त्यावर भलतीच गोष्टही आणून ठेवता येते. 2013 मध्ये भारताने अबू धाबीचा कोटा 13 हजारांच्या घरातून 50 हजारांपर्यंत वाढवला. त्याच सुमारास अबू धाबीच्या एतिहाद कंपनीने आपल्या जेट एअरवेजचा 24 टक्के हिस्सा विकत घ्यायचा करार केला. या दोन गोष्टींचा संबंध काय, यावरून तेव्हा बरीच टीका झाली. व्यवहार योग्य होता की नाही, हा वेगळा विषय. पण 193 देशांसमोर असा सौदा मांडता आला नसता, हे मात्र नक्की. याच लवचीकतेचा फायदाही होतो: जुलै 2025 मध्ये भारत आणि कुवेत यांनी आपला आठवड्याचा कोटा 12 हजारांवरून 18 हजारांवर नेला. दोन सरकारं तयार झाली आणि काम झालं. सगळ्या जगाच्या होकाराची वाट बघावी लागली असती तर वर्षं गेली असती.

आणि कागदावर मोकळीक मिळाली म्हणजे विमान येतंच, असंही नाही. आग्नेय आशियातल्या आसियान देशांच्या कंपन्यांना भारताने 18 पर्यटनस्थळी हव्या तितक्या फेऱ्या करायची मुभा बऱ्याच वर्षांपूर्वी दिली. त्या अठरात औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आहे. अजिंठ्याची बौद्ध लेणी आणि थायलंडसारखे देश, मेळ किती चांगला! पण करार फक्त दार उघडतो. आत यायचं की नाही, ते विमान कंपनी तिकिटांचा हिशेब करून ठरवते.

हे झालं सगळं सुरळीत चालू असतानाचं. भांडण झालं की काय होतं?

30 जानेवारी 1971 ला इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ नावाचं विमान श्रीनगरहून पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. 4 फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून उडायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तान दोन तुकड्यांत होता, मध्ये भारत. कराचीहून ढाक्याला जायचं तर श्रीलंकेवरून वळसा घालावा लागू लागला. पाकिस्तान आयकाओकडे गेला: शिकागोत सगळ्यांनी दिलेला वरून उडायचा हक्क भारताने मोडला. भारताने उत्तर दिलं, आमच्या दोघांत 1966 पासून वेगळी व्यवस्था आहे, हा आमचा आपसातला मामला आहे, तुम्हाला ऐकायचा अधिकारच नाही. म्हणजे भांडण विमानाचं राहिलं नाही, हा प्रश्न द्विपक्षीय की बहुपक्षीय, यावरच ते आलं. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 18 ऑगस्ट 1972 ला न्यायालयाने भारताविरुद्ध निकाल दिला: तक्रार ऐकायचा आयकाओला अधिकार आहे.

गंमत बघा, त्याच्या दीड महिना आधी सिमल्यात दोन्ही देशांनी आपसातले वाद आपसातच सोडवायचं मान्य केलं होतं. आणि हे प्रकरण शेवटी मिटलं तेही तसंच. 1976 मध्ये दोघांनी बोलून विमानं पुन्हा सुरू केली आणि आयकाओतली तक्रार मागे घेतली गेली. बहुपक्षीय संस्थेने काय केलं मग? अधिकार कुणाचा, हे ठरवून दिलं. पुढचा समझोता दोघांनाच करावा लागला.

तो निकाल मात्र वाया गेला नाही. जून 2017 मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि त्याच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. कतार केवढासा देश! त्याच्या भोवतीच्या आकाशाचं नियंत्रण बहारीनकडे होतं. दोहाहून उडालेलं विमान काही मिनिटांत बंद आकाशाशी जाऊन थबकलं असतं. द्विपक्षीय वाटाघाटीत चार जणांसमोर कतारचं काय चाललं असतं? पण खुल्या समुद्रावरचं आकाश कुणा एकाचं नाही, आणि तिथले मार्ग आयकाओच्या चौकटीत ठरतात. आयकाओमध्ये बैठका झाल्या आणि कतारच्या विमानांसाठी पर्यायी मार्ग आखले गेले. दोहाची विमानं इराणच्या बाजूने वळसा घेऊन उडत राहिली. भारतातून दोहाला कामाला गेलेली माणसंही ये-जा करत राहिली. चार देश न्यायालयात गेले, आयकाओला हे ऐकायचा अधिकार नाही म्हणाले. 14 जुलै 2020 ला न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं, आणि 1972 चा भारत-पाकिस्तान निकाल त्या विचारात जागोजागी येतो. आपण हरलेला खटला एका छोट्या देशाच्या कामी आला.

छोट्या देशांना बहुपक्षीय व्यवस्था का हवी असते, हे यातून दिसतं. ताकदवानाला टेबलावर एकट्याला गाठायला आवडतं. ज्याच्याकडे ताकद नाही त्याला नियम लागतो.

पण नियमाला पोलीस नसतो, हेही सांगायला हवं. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, 30 एप्रिलला भारतानेही तेच केलं. वरून उडायचा हक्क देणाऱ्या करारात दोन्ही देश आहेत. तरी दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना लांबचा फेरा पडला. दोन शेजाऱ्यांनी ठरवलंच तर माँट्रियलमधून कुणी येऊन आकाश उघडून देत नाही.

एक गोष्ट मात्र अशी आहे जिथे दोघांचा करार कितीही चांगला असो, उपयोगाचा नाही. विमानांचा धूर. समजा भारत आणि दुबईने ठरवलं की आपल्या मार्गावरच्या प्रत्येक तिकिटावर प्रदूषणाचा आकार लावायचा. लंडनला जाणारा प्रवासी दुबई सोडून दोहामार्गे जाईल. धूर तेवढाच, फक्त पैसे दुसऱ्याला. म्हणून 1997 च्या क्योटो करारात हा विषय आयकाओकडे सोपवला गेला. तिथे तो वर्षानुवर्षं रेंगाळला. कंटाळून युरोपने 2012 पासून आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या विमानांवर स्वतःचा नियम लावायला घेतला. भारतासह अनेक देश भडकले, विरोध करणाऱ्यांची एक बैठक दिल्लीतच झाली होती. युरोपला लांबच्या उड्डाणांपुरता तो नियम थांबवावा लागला. शेवटी 2016 मध्ये आयकाओत सगळ्यांसाठी योजना मंजूर झाली: ठरलेल्या पातळीच्या वर जेवढा कार्बन सोडाल, तेवढा दुसरीकडे कमी करायला पैसे द्या. 1997 ते 2016, एकोणीस वर्षं. बहुपक्षीय कामाला वेळ लागतो म्हणतात, तो इतका लागतो. आणि निघालेली योजनाही मऊच आहे. भारतासाठी ती 2027 पासून बंधनकारक होईल.

दोन आणि 193 यांच्या मध्येही जागा आहे. युरोपीय संघातल्या देशांनी 1997 पर्यंत आपसातलं आकाश पूर्ण खुलं केलं. त्यामुळे रायनएअर ही आयर्लंडची कंपनी इटलीहून पोलंडला, किंवा इटलीतल्याच दोन शहरांमध्ये, बिनदिक्कत उडते. आपल्याकडे विमान कंपनीने असं करायचं म्हटलं तर किती करार बदलावे लागतील याचा विचार करा. आफ्रिकेतल्या देशांनीही 1999 मध्ये असंच ठरवलं, पण अंमलबजावणी रखडली. युरोपात जमलं ते मागे एक बाजार, एक न्यायालय आणि एक कायदा होता म्हणून.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरअखेर तिथून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, एवढी त्याची क्षमता. पुण्याहून तो मुंबईच्या विमानतळापेक्षा जवळही आहे. तिथल्या धावपट्टीची लांबी, दिवे, खुणा, सगळं आयकाओच्या मापाने बांधलेलं, जगातल्या कुठल्याही वैमानिकाने येऊन उतरावं असं. दुबईच्या विमानांत भारतातून किती जण बसणार, तो आकडा मात्र अजूनही दिल्ली आणि दुबई यांच्यातल्या एका कागदावर आहे.